खांबाआडची खुर्ची

रविवारी दुपारी साडेतीनला नेलिदा बोएदो वस्तीतल्या टँगोच्या क्लबात शिरली आणि आपल्या टेबलावर सहा परकी माणसं कॉफी पीत बसलेली बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं ते टेबल तिचं होतं. पंख्याखालचं, पहिल्या रांगेतलं, नाचाच्या फरशीला अगदी लागून. आणि तिच्या खुर्चीत एक उंच, पिंगट केसांची बाई नवेकोरे लाल बूट घालून बसली होती. एका बुटाच्या तळाला दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती.

क्लब चालवणारा ओर्लांदो तिच्या नजरेला नजर देईना. त्याने तिचा कोट घेतला, गुडघे कसे आहेत विचारलं आणि तिला पार मागे, मुतारीच्या दाराशी, खांबाआड नेऊन बसवलं. आजच्या दिवस सांभाळून घे म्हणाला. सिल्विनानेच तसं ठरवलं होतं.

सिल्विना ही नेलिदाची पोटची पोर. परदेशी लोकांसाठी ती तीन दिवसांची सहल काढायची. शुक्रवारी टँगोचा इतिहास, शनिवारी संगीत, रविवारी नाच. दीडशे वर्षांचा मामला बाईसाहेबांनी तीन दिवसांत गुंडाळला होता, आणि त्यात जेवणाच्या सुट्ट्याही धरल्या होत्या.

खुर्चीचं एवढं काय, असं ज्याला वाटेल तो या क्लबात कधी आलेला नाही. इथे कुणी कुणापुढे जाऊन हात पुढे करत नाही. पुरुष हॉलच्या त्या टोकाकडून बघतो, बाई बघते, तो किंचित मान हलवतो, तीही हलवते, आणि मगच तो उठतो. नजरानजर नाही तर नाच नाही. खांबाआड बसवलेली बाई आली काय, न आली काय, सारखंच.

आणि आज आन्सेल्मोचा शेवटचा रविवार होता. तो समोरच्या भिंतीशी बसायचा. त्याचे गुडघे एकाच फेरीपुरते उरले होते, म्हणजे सलग चार गाणी. ती फेरी गेली कित्येक वर्षं तो नेलिदाबरोबरच नाचत आला होता. क्लबाबाहेर दोघं कधी भेटले नव्हते, एक कॉफीसुद्धा कधी बरोबर घेतली नव्हती. गेल्या रविवारी चौथं गाणं संपताना तो म्हणाला होता, मुलगा मला कायमचा घेऊन चाललाय, पार उत्तरेला, साल्ताला, पुढच्या रविवारी गाडी घेऊन दारातच थांबेल.

नेलिदाने सिल्विनाला खुणेनं बोलावलं.

"मला माझ्या टेबलावर बसायचंय."

"आई, दोन तासांचा तर प्रश्न आहे. तू दर रविवारी येतेस, ते बिचारे एकदाच आलेत."

"आजच बसायचंय."

"आता मी त्यांना उठवू का? आणि इथे पंख्याचा वारा लागत नाही, तुझ्या मानेला बरंच आहे."

नेलिदा गप्प बसली. सांगणार काय? एका माणसाला मी दिसले पाहिजे, हे चौऱ्याहत्तराव्या वर्षी पोरीला कोणत्या तोंडाने सांगायचं? लेकीपेक्षा तिला स्वतःच्या त्या गप्प बसण्याचाच जास्त राग आला.

बँडोनियनच्या भात्यातून जड, संथ सूर सुरू झाले. हीच त्यांची फेरी. आन्सेल्मो नाचायला चष्मा काढून ठेवायचा. त्याने सवयीने पंख्याखाली पाहिलं, खुर्चीत बाई बसलेली दिसली, त्याने मान हलवली. लाल बूटवालीला सिल्विनाने ही रीत सकाळीच शिकवलेली. तिने आनंदाने जोरजोरात मान हलवली आणि उठून उभी राहिली. निम्म्या वाटेत आन्सेल्मोला चूक कळली. पण उठलेल्या बाईला परत बसवण्याचा उद्धटपणा त्याच्या हातून होणं शक्य नव्हतं.

नेलिदा खांबाआडून मान वाकडी करकरून बघत होती. ती बाई आपल्याच पावलांकडे बघत होती, आणि आन्सेल्मो जिन्यावरून कपाट उतरवावं तसा तिला सांभाळत नेत होता. एक गाणं गेलं. दुसरं गेलं. चारही गेली.

सिल्विना फोन नाचवत आली. "बघ ना आई, काय फोटो आलाय. असा अस्सल म्हातारा शोधून सापडत नाही."

आन्सेल्मो जागेवर परतला होता. गुडघा चोळून तो बुटाची नाडी सोडायला वाकला.

नेलिदा उठली. बसलेली खुर्ची तिने पाठीकडून धरली आणि रिकाम्या फरशीवरून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, करकरत ओढत नेली. ओर्लांदो मधे आला, तिचं तोंड बघून बाजूला झाला. आन्सेल्मोपुढे हातभर अंतरावर तिने खुर्ची आपटली, ताठ बसली आणि त्याच्याकडे बघू लागली.

आन्सेल्मोने वर पाहिलं. नाडी परत बांधली, सावकाश. मग मधे सबंध हॉल असल्यासारखी त्याने रीतसर मान हलवली. तिनेही हलवली.

पुढच्या फेरीचं पहिलं गाणं ती रागातच नाचली.

"खांदा सोड गं, उपटून नेशील," तो कानाशी म्हणाला.

"नेईन."

पुढची तीन गाणी तिने खांद्यावरची पकड सैल ठेवली. त्याचा गुडघा थरथरतोय हे तिला कळत होतं. ती पावलं लहान टाकत राहिली.

संगीत थांबलं तसं परक्यांचं टेबल उभं राहून टाळ्या पिटू लागलं. त्यांना वाटलं, हाही सहलीतलाच कार्यक्रम. सिल्विनाही पिटत होती. बाईला जागेवर सोडायची रीत आहे, म्हणून आन्सेल्मोने एका हातात तिचा दंड धरला, दुसऱ्या हातात खुर्ची उचलली, लंगडत तिला खांबाआड आणून बसवलं आणि तिच्या हाताचं चुंबन घेऊन गेला.

बुधवारी सिल्विनाचा फोन आला. सहलीत लोकांना सगळ्यात काय आवडलं असेल, तर खुर्ची.

"पुढच्या गटासमोर परत करशील? ओर्लांदो तुझं टेबल देतोय. शेवटी खुर्ची तेवढी ओढत न्यायची."

"समोर कोण बसणार?"

"तेच आजोबा."

"ते साल्ताला गेले. कायमचे."

"मग दुसरं कुणीतरी बघू."

"त्यांच्याबरोबर माझी एकच फेरी उरली होती, सिल्विना. आणि तू मला मुतारीजवळ बसवलंस."

मग सिल्विनाने हळूच विचारलं, "आई, कोण होते ते?"

"आता विचारतेस," नेलिदा म्हणाली आणि तिने फोन ठेवून दिला.