खालचा उजवा कोपरा

भाऊबीजेला चार दिवस असताना, सकाळी अकराच्या सुमाराला, गंगाखेडला सरजाबाईंच्या दारात कुरिअरवाला आला. पाकिटात हाताने केलेलं भेटकार्ड होतं. वर झेंडूच्या फुलांची नक्षी असलेला कागद, मधोमध अंडाकृती चौकट, चौकटीत सरजाबाईंचे धाकटे भाऊ लिंबाजी यांचा फोटो. खालचा उजवा कोपरा कापलेला.

सरजाबाईंचं वय एक्याऐंशी. त्यांना वाचता येत नाही. पण कोपरा गेलेलं कार्ड कशाचं असतं, हे कळायला त्यांना अक्षराची गरज नव्हती. पोस्टकार्डाच्या काळात मयताची बातमी अशीच यायची. फाडलेला कोपरा दिसला की मजकूर वाचायच्या आधी घरात रडं सुरू व्हायचं, आणि ते कार्ड कोणी उंबऱ्याच्या आत नेत नसे. त्यात लिंबाजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन बाराच दिवस झाले होते. शेजारणीनं कार्ड उघडून पहिली ओळ मोठ्यानं वाचली, ‘ताई, यंदा भाऊबीजेला मी येऊ शकत नाही.’ पुढचं कोणी ऐकलं नाही. सरजाबाई दारातच कोसळल्या. उजवा हात मनगटात मोडला.

पाथरीला, लिंबाजींच्या घरी, फोन लागेपर्यंत वीस मिनिटं गेली. फोन लिंबाजींनीच उचलला. ते चहा पीत होते.

कार्ड त्यांच्या नातीनं पाठवलं होतं. सृष्टी परभणीला शिकते. आजोबांना यंदा बहिणीकडे जाता येणार नाही म्हणून तिनं तिथल्याच माधवी नावाच्या मुलीच्या गिफ्टच्या दुकानातून ते निवडून घेतलं, फोटो चिकटवला, आजोबांनी फोनवर सांगितलेला मजकूर आत लिहिला आणि कुरिअर केलं. कोपरा कापलेला तिला दिसला होता. तिला ती डिझाइन वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला पेडगावात धम्मशीलाचा फोन वाजला. ती मशीनवर बसली होती. हे मशीन शेवयांच्या यंत्रासारखं दिसतं. कागदावर पोलादी साचा, म्हणजे डाय, ठेवायची, दोन पाट्यांमध्ये दाबून धरायची आणि दांडा फिरवून रुळांतून पलीकडं काढायची. पलीकडून जाळीदार पान निघतं. जाळीत अडकलेले कागदाचे कण सुईनं एकेक काढावे लागतात. मग थर चढवायचे, शिक्के उठवायचे, वाळू द्यायचं. एका कार्डाला पाऊण तास लागतो. हे काम ती चार वर्षं करत होती आणि त्यातली तीन वर्षं तिची कार्डं माधवीच्या दुकानात होती.

“ताई, कामात आहात का?” माधवीनं विचारलं.

“बोल.”

“तुमच्या कार्डामुळं इथं लय मोठा राडा झालाय. एक आजी पडल्या, हात मोडला. त्यांचे चिरंजीव दुकानात येऊन बसलेत. कार्ड कोणी केलं विचारायलेत. मी तुमचं नाव सांगितलं.”

तीन वर्षांत माधवीनं एकाही गिऱ्हाइकाला हे नाव सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंच तर ‘आमच्या एक ताई करून देतात’ एवढंच सांगायची.

“माझ्या कार्डात काय वाईट होतं?”

“कोपऱ्याचं कायतरी अशुभ असतंय म्हणे. तुमी येऊन सॉरी म्हणा ना. त्यांना व्हिडिओ पाहिजे, घरच्या ग्रुपवर टाकायला. एका मिनिटाचं काम आहे.”

“कार्डाचा फोटो पाठव.”

फोटो आला. धम्मशीलानं तो दोन बोटांनी मोठा केला. तिच्या कार्डांचे कोपरे गोल असतात, त्याची वेगळी डाय आहे. हा कोपरा तिरपा होता आणि कडेला कात्री दोनदा लागल्याची खूण होती.

तिथं काय होतं ते तिला फोटो मोठा न करताही माहीत होतं. प्रत्येक कार्डाच्या मागच्या बाजूला, खाली डाव्या कोपऱ्यात, ती एक शिक्का उठवते. छोटं पिंपळपान आणि खाली दोन ओळी: ‘हस्तनिर्मित. धम्मशीला, पेडगाव.’ अक्षर तिचं स्वतःचं. मागून जो डावा कोपरा, तोच पुढून उजवा. दोन्ही पदर एकदम कापले तर नाव जातं आणि पुढून कोपरा जातो.

गेल्या दिवाळीत तिला त्या जागी दुकानाचं स्टिकर चिकटवलेलं सापडलं होतं. ती बोलली तेव्हा माधवी म्हणाली होती, “ताई, गिऱ्हाईक थेट तुमच्याकडं आलं तर मी काय विकू?” हे धम्मशीलाला पटलं होतं. तेव्हा शिक्क्यात मोबाइल नंबरही असायचा. तिनं नवा शिक्का करून घेतला, नंबर काढला, आणि नाव राहील असं दोघींचं ठरलं.

नवरा धम्मानंद जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, दिवाळीच्या सुट्टीमुळे घरीच होता. तिनं त्याला फोटो दाखवला.

“फोनवरच सांग की तिला,” तो म्हणाला. “परभणीत दुसरं कोण ठेवतंय आपली कार्डं?”

“फोनवर नाही.”

“भांडू नको बरं.”

“भांडायलाच चाललेय.”

तिनं डब्यातून एक तयार कार्ड पिशवीत टाकलं आणि जीप धरली.

दुकानात काउंटरसमोरच्या स्टुलावर परमेश्वर बसले होते. सरजाबाईंचा मुलगा, वय पन्नाशीचं, पांढरा शर्ट. कार्ड त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत आणलं होतं. कालपासून ते घरात नेलं नव्हतं, मोटारसायकलच्या डिकीतच ठेवलं होतं.

“ह्याच त्या ताई,” माधवी म्हणाली.

परमेश्वरांनी मान वर केली. “तुमी केलं का हे?”

“हो. आईंचा हात कसाय?”

“पलस्तर घातलंय. सा आठवडे. हाताचं जाऊ द्या, कालपासून तिच्या पोटात घास न्हाई. मामा फोनवर बोलला तरी तिला धीर येईना. म्हणती, मेलेल्याचं कार्ड आलंय, आज न्हाई तर उद्या व्हनार.” त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली. “तुमच्यात काय चालत असल ते मला म्हाईत न्हाई. पण आमच्यात कोपरा फाडलेलं कार्ड मयताचं असतंय, बाई.”

“आमच्यातबी मयताचंच असतं, दादा.”

माधवीनं मध्येच फोन उचलला. “ताई, व्हिडिओ करून टाकू का? तुमी फक्त म्हणा, की माझ्याकडून चुकून झालं, कोणाच्या भावना—”

“थांब.” धम्मशीला दाराजवळच्या स्टँडकडं गेली. तिची कार्डं तिथं तीन ओळींत लावलेली होती. तिनं ती सगळी काढून काउंटरवर आणली आणि पत्त्यांसारखी एकापुढं एक मांडली. एकतीस कार्डं. एकतीस कोपरे कापलेले. शेवटच्या काही कार्डांत कात्री तिरकी गेली होती आणि वेलीचं टोकही तुटलं होतं.

“हे मी केलं?”

माधवीनं काउंटरवरची कात्री खणात सरकवली.

धम्मशीलानं पिशवीतलं कार्ड काढलं, पालथं ठेवलं आणि परमेश्वरांच्या पुढं सरकवलं. “वाचा.”

त्यांनी खिशातला चष्मा लावला. वाचलं. मग प्लॅस्टिकच्या पिशवीतलं कार्ड बाहेर न काढताच पालथं केलं आणि दोन्ही शेजारी धरून पाहिली.

“म्हंजी नाव कापलंय,” ते म्हणाले. “का ओ माधवीताई? नाव कापायला काय झालं?”

“काका, धंद्यात असतंय असं. ब्रँडिंग म्हणतेत.”

“ब्रँडिंगसाठी नंबर काढला होता मी,” धम्मशीला म्हणाली. “नाव राहील असं तू म्हणाली होतीस. आता खरं काय ते सांग.”

“ताई, लोकांसमोर नको ना.”

“लोकांसमोरच. माफी लोकांसमोर मागायला बोलवलंस मला.”

माधवीचा चेहरा लाल झाला. ती वाईट मुलगी नव्हती. तीन वर्षं तिनं पैसे वेळेवर दिले होते, धम्मशीलाच्या घरी दोनदा जेवूनही गेली होती. पण आता कोंडीत सापडल्यावर ती चिडली.

“बरं, सांगते. बायका कार्ड हातात घेतेत, छान छान म्हणतेत, मागं वळवून वाचतेत आणि ठेवून देतेत. दिवाळीला न्हाई, लक्ष्मीपूजनाला न्हाई, बारशाला तर न्हाईच. मी काय करू? माझ्या मनात काही न्हाई हो. काका, तुमीच सांगा. हे नाव वाचून तुमच्या घरच्यांनी घेतलं असतं का भाऊबीजेला?”

परमेश्वरांच्या हातात दोन्ही कार्डं होती. दुकानात एक बाई आकाशकंदील बघत होती, तिनंही वळून पाहिलं. ते उत्तर देतील म्हणून धम्मशीला थांबली. तिनं घाई केली नाही. बाहेरून एक ऑटो गेला, मग दुसरा. परमेश्वरांनी चष्मा काढला, घडी केली आणि खिशात ठेवला.

“तो विषय येगळाय,” ते शेवटी म्हणाले.

“विषय तोच आहे.” धम्मशीलानं आपला फोन काढून त्यांच्यासमोर धरला. “व्हिडिओ पाहिजे ना? माझ्या फोनवर घ्या. मी पाठवते तुम्हाला.”

परमेश्वरांनी फोन घेतला. ती काउंटरला पाठ लावून उभी राहिली, मांडलेली कार्डं दिसतील अशी. आवाज चढवला नाही.

“मी धम्मशीला, राहणार पेडगाव. सरजाबाईंना आलेलं कार्ड मी केलं. मी केलं तेव्हा त्याला चार कोपरे होते. एका कोपऱ्यात माझं नाव होतं. दुकानात माधवीनं तो कोपरा कात्रीनं कापला, कारण हे नाव वाचून लोक कार्ड परत ठेवतात असं ती म्हणते. सरजाबाईंचा हात मोडला, त्यांनी जेवण सोडलंय, याचं मला वाईट वाटतं. पण मी माफी मागणार नाही. ज्यांनी मागायची ती दोन माणसं इथंच आहेत.”

परमेश्वरांचा अंगठा स्क्रीनवर उशिरा पडला. “दोन? मी काय केलं ह्यात?”

“तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही बोलला नाहीत.”

“मी माझ्या मायसाठी आलोय इथं,” त्यांचा आवाज वाढला. “तिकडं ती उपाशी बसलीय आन् तुमी जातीवर न्यायलात.”

“मी नेलं? कात्री माझ्या हातात होती का? सकाळी माझं नाव ऐकल्याबरोबर तुम्हाला वाटलं की आमच्यात काय चालत असल कोण जाणे. तुमच्या आईला जे कळलं ते माझ्या आजीलाही कळलं असतं. तीही अशीच पडली असती.” तिनं फोन परत घेतला. “नंबर सांगा. पाठवते.”

“शेवटचं काढून परत बोला. मंग ग्रुपवर टाकतो.”

“नाही.”

“मंग नकोच मला.”

“तुमची मर्जी. पण मग माफी मिळाली असंही कुठं टाकू नका.”

ते उठले. दारापर्यंत गेले आणि परत आले. “आईला काय सांगू पर? ते कार्ड कशानं कापलंय म्हणून इचारल ती.”

“खरं ते सांगा. नाव काढायला कापलं म्हणावं. मयताशी संबंध नाही. जेवतील त्या.”

“कोणाचं नाव म्हनल.”

“तेही सांगा.”

प्लॅस्टिकची पिशवी उचलून ते निघून गेले.

धम्मशीलानं मांडलेली कार्डं गोळा करायला घेतली. माधवी तिच्या हाताकडं बघत होती.

“ताई, उद्या लक्ष्मीपूजन. स्टँड रिकामं दिसंल. पुढच्या वेळी आतल्या पानावर नाव टाकू, लहान अक्षरात. मी तर म्हणते, ‘डी’ एवढंच टाका. मस्त दिसतंय ते.”

“मस्त तुला दिसतंय.”

“मी चांगल्यासाठी करायले हो. विकली तर तुमचंच नाव होईल ना.”

धम्मशीला थांबली. हातातल्या कार्डांकडं तिनं पाहिलं, मग माधवीकडं. “कुठलं नाव?” तिनं विचारलं. मग तिनं एकतीस कार्डं पिशवीत भरली.

पेडगावची जीप भरायला वेळ होता. चार माणसं बसली होती, ड्रायव्हर आणखी सहा शोधत होता. धम्मशीला मधल्या सीटवर खिडकीशी बसली. पिशवी मांडीवर ठेवली. मग फोन काढला. व्हिडिओ एकदा पूर्ण पाहिला. बोलताना तिनं एकदाही खाली पाहिलं नव्हतं. कॅमेरा तेवढा शेवटी हलला होता.

तिच्या फोनमध्ये परभणीतली माणसं होती, बहिणी होत्या, धम्मानंदच्या शाळेतले मास्तर होते, रक्षाबंधनाला कार्डं मागणाऱ्या दोन कॉलेजच्या पोरी होत्या. तिनं व्हिडिओ स्टेटसला टाकला. खाली एक ओळ लिहिली: ‘कार्डं आता माझ्याकडेच मिळतील.’ आणि शिक्क्यातून काढलेला मोबाइल नंबर त्या ओळीपुढं घातला.

जीप निघायच्या आत माधवीचा फोन आला.

“ताई, ते काढा ना प्लीज. माझं नाव घेतलंय तुमी त्यात. दुकान आहे माझं. लोक काय म्हणतील?”

“अठ्ठावन्न सेकंदांचा आहे. पूर्ण बघितलास का?”

“न्हाई अजून. माझं नाव आलं तिथंच बंद केला.”

“मग आधी पूर्ण बघ,” धम्मशीला म्हणाली आणि फोन ठेवला.