धुक्यातली अडुसष्ट मिनिटं

हेनिंग पावलिट्झकी आमच्या फुटबॉल क्लबाकडून तेरा वर्षं मधल्या फळीत खेळला, आणि ती तेरा वर्षं मी त्याच्या मागे गोलात उभा होतो. त्याची पाठ माझ्याइतकी कुणीच पाहिली नसेल.

तो धावायचा कमी. चालायचा, थांबायचा, मान वळवून बघायचा, आणि चेंडू आपणहून त्याच्या पायाशी यायचा. गोल दुसरेच करायचे. त्याची आई वाल्ट्राउट खाणीच्या फाटकासमोर पेपर आणि सॉसेज विकायची टपरी चालवायची. सोमवारी सामन्याची बातमी आलेला पेपर पुढे करून गिऱ्हाइकांना म्हणायची, "यात माझ्या पोराचं नाव सापडलं, तर पेपर फुकट." फुकट पेपर कधीच कुणाला मिळाला नाही.

तो सत्तावीस वर्षांचा असताना, नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, राष्ट्रीय संघाचा एक निवडकर्ता खास त्याला बघायला आला. सामना सुरू झाला आणि दहाच मिनिटांत नदीवरून धुकं चढलं. पंच मोठा हट्टी. "निवळेल, निवळेल," म्हणत खेळ चालूच ठेवला त्याने.

मला माझ्या गोलाचे खांबसुद्धा धड दिसत नव्हते. ऐकू मात्र सगळं येत होतं. मैदानावर कधी तोंड न उघडणारा हेनिंग त्या दिवशी बोलत होता, बिथरलेल्या घोड्याला चुचकारावं तसा. "डावीकडे ये. थांब. हां, आता जा." मग चेंडूला पाय लागल्याचा मऊ आवाज. मग लांब कुठेतरी जाळी हलल्यासारखी. मी जागा आहे की झोपलोय, तेच मला कळेना.

एकदा तो धुक्यातून एकटाच चालत माझ्यापाशी आला.

"इकडे कुठे रे?" मी म्हटलं.

"तिसरा गोल झाला, एकार्ट. मी मारला."

"तू? थापा मारू नकोस!"

"मलाही पटत नाहीये." तो हसत होता. "आज मला सगळं कळतंय रे. कोण कुठे आहे, कोण कुठे जाणार आहे. बघावंच लागत नाही."

एवढं बोलून तो वळला, आणि दोन पावलांत दिसेनासा झाला.

अडुसष्टाव्या मिनिटाला पंचाने सामना थांबवला. नियमाप्रमाणे सगळं रद्द. तिन्ही गोल पुसले गेले. निवडकर्ता तर मध्यंतरालाच निघून गेला होता. वाल्ट्राउटमावशी हेनिंगला म्हणाली, "मला हातातलं सॉसेज दिसेना, तू कुठला दिसतोस!"

कपडे बदलताना मी चिडलो. "फोन कर त्या माणसाला! सांग त्याला!"

"काय सांगू? धुक्यात मी फार छान खेळलो?"

सगळे खो खो हसले. तोही हसला. मग बुटाची नाडी सोडता सोडता हळूच म्हणाला, "पण झालं ना रे ते, एकार्ट?"

"झालं. मी ऐकलं."

त्याने मान हलवली.

डिसेंबरात तो सामना पुन्हा झाला, एकही गोल न होता कोरडाच सुटला. निवडकर्ता परत कधी आला नाही. हेनिंग चौतिसाव्या वर्षापर्यंत खेळला, मग गुडघ्याने दगा दिला. हल्ली तो शाळेतल्या मुलींना खेळ शिकवतो. परवा मी तिथे गेलो आणि इतकी वर्षं मनात असलेलं एकदाचं विचारलं, "त्या दिवशी निवडकर्त्याने तुला पाहिलं असतं तर?"

त्याने गळ्यातली शिट्टी हातात घेतली.

"तर मी दक्षिणेकडच्या एखाद्या मोठ्या क्लबात गेलो असतो," तो म्हणाला. "तिकडची हवा फार स्वच्छ असते म्हणतात. धुकं म्हणून नाही."

मग त्याने शिट्टी फुंकली, आणि मुली मधल्या वर्तुळाकडे पळाल्या.