वीणेचा पहारा

हडपसरच्या देवळात सप्ताह बसला की सात दिवस वीणा भुईला टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून निघायची, दुसऱ्याच्या गळ्यात जायची. दुपारी दोन ते चार बापूरावांचा पहारा. कंपनीतली पाळी कधी चुकली असेल, ही एकोणीस वर्षांत चुकली नव्हती.

यंदा सुशीलाबाई म्हणाल्या, "अहो, आप्पासाहेबांना सांगा की. शेक घेऊन महिना न्हाई झाला."

"काय सांगू? कुठं झालाय ते सांगू?"

"दुखणं हाय. चोरी न्हाई."

प्रोस्टेटचा कॅन्सर लवकर सापडला होता. पाच दिवस मशीनखाली झोपायचं, किरण नेमके गाठीवर. "शेजारच्या लघवीच्या पिशवीला थोडी झळ लागेल," डॉक्टर म्हणाले होते. "काही आठवडे घाई होईल, जळजळेल. पण पाणी तोडू नका, त्यानं जास्त जळतं." गाठीची भीती ओसरली होती, या घाईची बसली होती. ती आली की उंबऱ्यापर्यंतही दम धरत नसे.

म्हणून बापूरावांनी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाही. तोंड कोरडं आणि आत निखारा, तसेच दोन तास उभे राहिले. चार वाजले. पुढच्या पहाऱ्याचा सुदर्शन आला नाही.

"गाडीतळावर अडकलाय," आप्पासाहेब म्हणाले. मंडळाचं सगळं तेच बघत. "धरा अजून धा मिनिटं."

"आप्पा, कुणीतरी घ्या की."

"का वो? देवाचा कंटाळा आला व्हय?"

टाळकरी हसले. मला दुखणं आहे, एवढं म्हटलं असतं तर सुटले असते. शब्द ओठांशी आला, तो त्यांनी नामाच्या गजरात बुडवला.

मग पांढरं धोतर भिजलं. पायांवरून ओघळ फरशीवर उतरला. टाळ एकेक करून थांबले.

"वीणा घ्या! आधी वीणा घ्या!" आप्पासाहेब ओरडले.

चौघे धावले ते वीणेकडे. बापूरावांकडे एकट्या सुशीलाबाई आल्या. अंगावरची शाल त्यांनी नवऱ्याच्या कमरेला गुंडाळली. मागे वळून बघितलं तर आप्पासाहेब फरशीवर गोमूत्र शिंपडत होते.

"शिंपडा," त्या म्हणाल्या. "गाईचं चालतं तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन ते चार सुदर्शनचं नाव लागलं. दुपारी आप्पासाहेब घरी आले. चहाला नको म्हणाले. दार लोटून घेतलं.

"बापूराव, मलाबी सा म्हयने झालं तरास हाय. सारखं उठावं लागतंय. तुमच्या डॉक्टरचा नंबर द्या. आन् कुठं बोलू नका."

बापूरावांनी कागदावर नंबर लिहिला. पुढे केला, पण सोडला नाही.

"उद्याचा पहारा मला लावता?"

आप्पासाहेबांनी खाली बघितलं. "लोक बघत्यात वो. पुढल्या साली बघू."

कागद हळूच ओढून घेतला, चार घड्या घालून आतल्या खिशात ठेवला, आणि चपला घालता घालता सुशीलाबाईंना म्हणाले, "काळजी घ्या यांची."