करकोचा दिसेपर्यंत

झोर्नित्सा भर उकाड्यातही लांब बाह्या घालायची. डाव्या मनगटावर तिने स्वतःच करून घेतलेल्या जखमांच्या रेघा होत्या आणि त्या दाखवायची तिला हौस नव्हती. सोळाव्या वर्षी, चोरीच्या खटल्यानंतर, न्यायालयाने तिला बाल्कन डोंगरापलीकडच्या मुलींच्या सुधारगृहात धाडलं. तिथे आल्या आल्या बुटांच्या नाड्या काढून घेतात, पट्टे काढून घेतात, आणि झाली म्हणे काळजी घेऊन!

अपवाद वेलिच्कोवाबाईंचा. मुलींच्या मनावर उपचार करणाऱ्या या बाई दर गुरुवारी यायच्या. झोर्नित्साने त्यांच्यापुढे तोंडाला कुलूपच लावलं होतं. बाईही काही कमी नव्हत्या. त्या समोर बसून खुशाल सूर्यफुलाच्या बिया सोलत राहायच्या आणि निम्म्या तिच्यापुढे सरकवायच्या.

मार्च लागला की सारा बल्गेरिया लहरी मार्ता आजीला, म्हणजे खुद्द मार्च महिन्यालाच, खूश ठेवायला मनगटाला लाल-पांढऱ्या लोकरीच्या धाग्याची मार्तेनित्सा बांधून मिरवतो. सुधारगृहात मात्र दोऱ्याला बंदी. झोर्नित्साला ती बांधू द्यावी म्हणून बाई अधीक्षकांशी तावातावाने भांडल्या. या पोरीने जिवाचं काही बरंवाईट केलं तर तुमची नोकरी गेलीच समजा, असं अधीक्षकांनी बजावलं. बाईंनी ते कबूल केलं, झोर्नित्साला विचारून तिची बाही वर सारली आणि नेमका त्या रेघांवरच धागा बांधला.

"करकोचा दिसेपर्यंत काढायची नाही," त्या म्हणाल्या. "आधी तोडलीस तर मार्ता आजी वर्षभर डूख धरते, ठाऊक आहे ना?"

"या भिंतींत कुठला आलाय करकोचा? जन्मभर हातातच राहायची."

"राहू दे की. मला कुठे घाई आहे?"

पुढच्याच आठवड्यात मावशीचा फोन आला. शिक्षा संपल्यावर झोर्नित्साला घरी ठेवून घ्यायला ती तयार नव्हती. त्या संध्याकाळी झोर्नित्साने लपवलेला काचेचा तुकडा काढला. हात सवयीच्या जागी गेला आणि धाग्याशी अडला. न्यायाधीशाला न भ्यालेली ही पोरगी मार्ता आजीला भ्याली. दुसरं मनगट मोकळं होतं, हे तिलाही सुचलं. पण तोवर तिला रडू फुटलं होतं. तिने घंटा दाबली आणि धावत आलेल्या स्तांका पहारेकरणीच्या हातात काच ठेवली.

"बाईंना बोलवा," ती म्हणाली. "गुरुवारपर्यंत नाही धीर धरवत मला."

बाई ओल्या केसांनीच आल्या. आई गेल्यापासून साठलेलं सगळं त्या संध्याकाळी बाहेर पडलं. बाईंनी ते ऐकून घेतलं, आणि पुढच्या प्रत्येक गुरुवारीही ऐकत राहिल्या.

मार्च सरता सरता बंबखान्याच्या धुराड्यावर करकोचा येऊन बसला. मुलींनी अंगण डोक्यावर घेतलं. गुरुवारी झोर्नित्सा आली ती दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडून. मनगटावर नवी रेघ नव्हती. धागा मळला होता, पण जागच्या जागी होता.

"करकोचा आलाय म्हणे," बाई म्हणाल्या.

"मला नाही दिसला." बाहेर त्याच्या चोचीची टकटक स्पष्ट ऐकू येत होती. झोर्नित्साने मान खाली घातली. "बाई, मी आज आहे ती तुमच्यामुळे. तुमचे उपकार मी विसरायची नाही. पण एवढ्यात सोडायला नका सांगू."

 वेलिच्कोवाबाई उठल्या, धुराड्याकडच्या खिडकीचा पडदा नीट ओढून घेतला आणि बियांची पुडी उघडून तिच्यासमोर बसल्या.