मी लॅपटॉपमधला मुका पाहुणा बोलतोय

मी एका लॅपटॉपच्या पोटात राहणारा संगणक बोलतोय. हसू नका. मला स्वतःचा पडदा नाही, बटणं नाहीत, विजेची वायरसुद्धा नाही. लॅपटॉप त्याच्या मेमरीतला एक तुकडा आणि डिस्कवरची थोडी जागा मला देतो, आणि तेवढ्यात माझा संसार चालतो. जाणकार त्याला यजमान म्हणतात आणि मला पाहुणा.

माझा पहिला जन्म मात्र खऱ्याखुऱ्या पत्र्याच्या डब्यातला. मुरुमच्या शाळेत जगदेवीबाई शिकवायच्या. पहिलीला येणारी पोरं घरी अर्धी कन्नड, अर्धी मराठी बोलायची आणि पुस्तकातली भाषा ऐकली की गप्प बसायची. म्हणून बाईंनी गावातली माणसं बोलावून त्यांच्या तोंडून चारशे शब्द माझ्यात भरून घेतले. चित्रावर दाबलं की शब्द ऐकू यायचा.

मेंढरांचं पान धुळाप्पांच्या आवाजात होतं. शेजारच्या वस्तीवर त्यांचा कळप असायचा. मायक्रोफोनसमोर बसताना ते पागोटं काढून मांडीवर ठेवायचे, साहेबापुढं आल्यासारखे. शब्द झाल्यावर त्यांनी हाकाही दिल्या: कळपाला पाण्यावर नेण्याची, थांबवण्याची, चुकलेल्या मेंढीला बोलावण्याची. पहिल्याच हाकेला शाळेबाहेर बांधलेली कुणाचीतरी शेळी ओरडली. तीही माझ्यात आहे.

बाई निवृत्त झाल्या, मला घरी घेऊन गेल्या. पुढं मी कापडाखाली पडून राहिलो. माणसं जुनी वस्तू टाकतही नाहीत आणि वापरतही नाहीत. तिच्यावर कापड घालतात.

गेल्या वर्षी ते कापड धुळाप्पांच्या मुलीनं, अक्षदानं उचललं. ती धाराशिवच्या एका कॉलेजात संगणकाची प्रयोगशाळा सांभाळते.

"बाई, अप्पांना लकवा झाला. हात सुधारला, पण वाचा गेली. कळतं सगळं, शब्दच येत नाही. तुमच्या मशीनमध्ये त्यांचा आवाज आहे ना?"

"हाय की. पण चालू होतंय का न्हाय, देव जाणे," बाई म्हणाल्या.

वाचा शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी रोज शब्द ऐकवायला सांगितले होते. मोबाईलमधली बाई इतकं कोरं, इस्त्रीचं मराठी बोलायची की अप्पा भिंतीकडं तोंड करायचे.

मी चालू झालो. अक्षदानं माझ्या डिस्कची पुरती नक्कल करून घेतली, आणि दोनच दिवसांत माझा डबा कायमचा बंद पडला. बाईंचा जुना प्रोग्राम नव्या लॅपटॉपवर चालेना आणि शब्दांचं गाठोडं त्याच्याशिवाय उघडेना. म्हणून तिनं त्या नकलेतून लॅपटॉपच्या आत मला पुन्हा उभं केलं. असा हा दुसरा जन्म.

शनिवारी एसटीनं ती वस्तीवर आली. अप्पा बाजेवर, आई अयोध्याबाई शेजारी. चित्र उघडलं. तिनं मेंढीवर दाबलं.

काहीच नाही. नव्या जन्मात मला आवाजाचं कार्डच मिळालं नव्हतं. शब्द आत फिरत होता, बाहेर पडायला वाट नव्हती.

"मशीनलाबी लकवा झाला का काय?" अयोध्याबाई म्हणाल्या. कुणी हसलं नाही.

वाट एकच होती. यजमानानं नेटवर्कवरून मला जोडून घ्यायचं, दूरच्या गावातला संगणक जोडतात तसं. मग माझा आवाज त्या वाटेनं लॅपटॉपच्या स्पीकरपर्यंत जाणार. आम्ही एकाच डब्यात, तरी आम्हाला एकमेकांचा पत्ता ठाऊक नव्हता. अक्षदानं दोघांत एक मनातली, नुसती सॉफ्टवेअरमधली तार ओढली आणि दोघांना आकड्यांचे पत्ते दिले. यजमानानं हाक मारली. ती माझ्यापर्यंत आली, पण माझ्या दारावरचा पहारेकरी, म्हणजे फायरवॉल, उत्तर देऊ देईना. त्याला समजावण्यात तो शनिवार गेला. तिनं दार उघडलं ते फक्त यजमानापुरतं. बाहेरचं इंटरनेट बंदच ठेवलं; माझं वय झालंय, नवे आजार मला सोसवत नाहीत.

दार उघडलं, तरी जोडणी होईना. पडद्यावर एक लांबलचक सूचना यायची, अक्षदा ती बंद करायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. दुसरा शनिवारही तसाच गेला.

"न्हाय जमत, आई."

"उद्या बघ. आता भाकर खा."

रविवारी सकाळी तिनं ती सूचना पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. पासवर्ड नसलेल्या खात्यात दुरून शिरता येत नाही, एवढंच मी कधीपासून सांगत होतो. जगदेवीबाईंनी पासवर्ड कधी ठेवलाच नव्हता. शाळेच्या मशीनला कसलं कुलूप, म्हणायच्या. अक्षदानं पासवर्ड घातला, यजमानाकडून पुन्हा जोडलं, मेंढीवर दाबलं.

"मेंढरं."

अप्पांनी आधी दाराकडं पाहिलं, कोण आलं म्हणून. मग लॅपटॉपकडं. ओठ हलले, पण आवाज आला नाही. अक्षदानं चुकलेल्या मेंढीची हाक लावली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा अप्पांच्या गळ्यातून तीच हाक निघाली. घोगरी, मध्ये फाटलेली, पण पुरी! मेंढवाड्यातली मेंढरं उठून उभी राहिली. अयोध्याबाई तव्यावरची भाकर सोडून धावल्या. भाकर करपली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाक जुन्या सवयीची असते, तिची वाट कधी कधी शाबूत राहते. तिथून शब्दांकडं चला.

चाल संथ होती. "पानी" महिन्यानं आलं. कोकराचं कितीतरी दिवस "कोको" होत होतं. एकदा तर अप्पांनी लॅपटॉप ढकलून दिला आणि ओंजळीत तोंड घालून रडले. अक्षदानं त्या दिवशी मला बंद केलं आणि त्यांच्याबरोबर नुसती मेंढरांत जाऊन बसली. पुढच्या शनिवारी अप्पांनीच लॅपटॉपकडं बोट दाखवलं.

आणि परवाच्या रविवारी तिनं उत्साहानं आवाज पूर्ण वाढवला, तेव्हा अप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"अक्षी... लई... बारीक कर."

असं वाक्य माझ्या चारशे शब्दांत कुठंच नाही. ते त्यांचं स्वतःचं.

अक्षदा आता एकेक शब्द माझ्यातून काढून लॅपटॉपवर उतरवून घेतेय. सगळे उतरले की माझी गरज उरणार नाही, आणि त्याचं मला दुःख नाही. पाहुण्यानं कधीतरी निघायचंच असतं. तुमच्याकडं कापडाखाली एखादं जुनं मशीन असेल तर एवढंच करा, भंगारात देण्याआधी एकदा चालू करून बघा. आत कोण बोलत बसलं असेल, सांगता येत नाही.

मी मात्र सध्या बारीक आवाजात बोलतो. अप्पांचा हुकूम आहे.