चल पुढे

आक्काच्या कँटीनमध्ये कामाला लागली त्याच दिवशी तिला नाव पडलं: चारशे. पडलं तेही भातावरून.

झालं असं. आक्काचं कँटीन छापखान्याच्या मागच्या गल्लीत. दुपारी चाळीसएक माणसं जेवणारी, आक्का एकटी राबणारी. तुरुंगातून सुटून आलेल्या बायकांना कामाला लावून देणारी एक संस्था होती. तिथली बाई हिला घेऊन आली आणि हलक्या आवाजात सांगू लागली, "भांडणात हिच्या हातून माणूस गेला होता. शिक्षा भोगून झाली आहे. आतल्या भटारखान्यात होती, हाताला चव..."

"चव आहे ना? मग बास," आक्का म्हणाली. "झाला तो निवाडा झाला. मी काय परत कोर्ट भरवू?"

आक्का बाजारात निघाली आणि जाता जाता म्हणाली, "भात टाकून ठेव गं." तासाभराने परत येते तर काय! पातेली भरलेली, टोप भरलेले, घासूनपुसून घेतलेली बादलीसुद्धा वाफाळत्या भाताने काठोकाठ. तांदळाचं पोतं कोपऱ्यात अंग टाकून पडलेलं.

"अगं बाई! लग्न कुणाचं काढलंस?"

"चारशेंचा टाकत होते," ती खाली मान घालून म्हणाली. "पोतं संपलं, नाहीतर झाला असता."

आक्काने कपाळाला हात लावला. वाट्टेल ते बोलली, दमली, आणि मग स्टुलावर बसून पोट धरून हसली. त्या दिवशी गल्लीतलं कुत्रंसुद्धा उपाशी राहिलं नाही.

त्या बिचारीचा तरी काय दोष? एक तप तिने तुरुंगात चारशे बायकांचा स्वयंपाक केला होता. मीठ ओंजळीने, तेल डब्याने. तिथली सुरी साखळीने टेबलाला बांधलेली, कुणी उचलून पळू नये म्हणून. त्यामुळे आक्काच्या ओट्यावर मोकळी सुरी असली, तरी ही ती जागची हलवायची नाही. कांदा सुरीकडे यायचा, बटाटे सुरीकडे यायचे, टोपली सरकत सरकत सुरीकडे यायची. "साखळी काढलीय गं," आक्का म्हणायची, "तुझ्या मनगटाला अजून कळलेलं दिसत नाही."

दुसरी खोड जिभेची. तिथे माणशी एक डाव, संपला विषय. कुणी ताट तसंच पुढे धरून उभी राहिली की वाढणारीने ओरडायचं, "चल पुढे!" दया दाखवायची सोय नव्हती. पहिलीला जास्त वाढलं की शेवटचीच्या पोटाला चिमटा. ओरडून ओरडून ते वाक्य तिच्या तोंडात असं बसलं, की समोर रिकामं ताट आलं रे आलं, जीभ आपसूक वळायची.

छापखान्याचा मशीनवाला, चांगला आडदांड गडी, एकदा परत भाजी मागायला आला. ही कडाडली, "चल पुढे!" गडी खरोखर पुढे गेला आणि ताट हातात धरून भिंतीशी मुकाट उभा राहिला.

"अगं, गिऱ्हाईक आहे ते!" आक्का धावली. "आणि नीट ऐक. ताट दुसऱ्यांदा पुढे आलं की आपण कॉलर ताठ करायची. पहिल्यांदा माणूस भुकेने मागतो, दुसऱ्यांदा चवीने मागतो. कळलं?"

कळलं. पण कळणं वेगळं आणि वळणं वेगळं.

मग एके दिवशी कँटीनच्या फोनवर तिच्या बहिणीचा फोन आला. चारशेची एकुलती एक लेक या बहिणीनेच वाढवली होती. लहान होती तोवर पोर मावशीचा हात धरून भेटीला यायची. शाळेत कुणी काही बोललं असेल, मोठी झाली तशी यायची थांबली. आता चष्म्याच्या दुकानात नोकरी करत होती.

"रविवारी येते म्हणते तुझ्याकडे, जेवायला," बहीण म्हणाली. "पण एकदाच, असं म्हणाली हं. पुढचं पुढे."

चारशेने फोन ठेवला. एक जेवण. ते बिघडलं तर पोरगी पुन्हा उंबरठा चढायची नाही, आणि तिला दोष तरी कोणत्या तोंडाने देणार?

"काय करशील जेवायला?" आक्काने विचारलं.

"बटाटे-वाटाण्याचा रस्सा. तिला आवडायचा."

"किती करशील?"

चारशेची नजर मोठ्या टोपाकडे गेली. आक्काने फळीवरून एक लहानसं पातेलं काढून तिच्यासमोर आदळलं. "दोघींपुरता! डोंगर रांधून ठेवलास तर पोरगीला वाटेल, आई अजून तिथेच आहे."

आठवडाभर दुपारची गर्दी ओसरली की शिकवणी सुरू. सोमवारचा रस्सा इतका खारट की आक्काने एक घास घेतला आणि तांब्याच तोंडाला लावला. मंगळवारी मीठच नाही. बुधवारी रस्सा जमला, पण आठ जणांचा झाला. "ओंजळ नाही, चिमूट! चिमूट!" आक्का ओरडायची. चारशेला रडू यायचं. चारशे पोटं भरणारी बाई, आणि स्वतःच्या लेकीपुरतं रांधता येऊ नये! शनिवारी आक्काने चमचा तोंडात घातला, डोळे मिटले, आणि एक शब्द न बोलता सगळं पातेलं चाटूनपुसून संपवलं. चारशेला हायसं वाटलं.

रविवारी तिने सायकलच्या दुकानावरची आपली खोली दोनदा झाडली. दोन ताटं मांडली, आक्काचं पातेलं शेगडीवर ठेवलं. बारा वाजता लेक दारात उभी. केवढी उंच झाली होती! चारशेला तिला कवटाळावंसं वाटलं, पण हात पुढे जाईनात.

"कशा आहात?" लेकीने विचारलं.

हे 'आहात' काळजात रुतलं. "बरी आहे गं. ये, बस."

जेवायला बसल्या. लेक दुकानातल्या गमती सांगत होती, जपून, पाहुण्यासारखी. बोलता बोलता तिने रश्शातले वाटाणे एकेक करून ताटाच्या कडेला लावले. लहानपणी अगदी असंच करायची, शेवटी खायला म्हणून. बाई गं, माझीच आहे ही, चारशेच्या मनात आलं, आणि इतका आनंद झाला की काय करावं सुचेना.

वाटाणे संपले. लेकीने ताट पुढे केलं. "अजून आहे?"

"चल पुढे!" चारशे कडाडली.

धरणी दुभंगली असती तर चारशे त्या क्षणी आत गेली असती.

"अगं, तुला नाही गं! तिथे रांगेला ओरडायचे मी. वर्षानुवर्षं. चारशे ताटं यायची, जीभच मेली तशी झालीय..." तिने पातेलं उचलून तिरपं केलं. रिकामं. "आणि खरं सांगू? उरलेलंही नाही. दोघींपुरताच केला. आठवडाभर शिकत होते."

लेकीने पातेल्यात पाहिलं, मग आईकडे. ताट घेऊन उठली, आणि दार उघडून सरळ बाहेर गेली.

गेली. चारशे पातेलं मांडीवर धरून बसली. इतकं शिकून शेवटी जिभेनेच घात केला.

तेवढ्यात दारावर टकटक झाली. लेक उंबरठ्यात उभी होती, दोन्ही हातांत ताट धरून. ओठ घट्ट मिटलेले, पण हसू डोळ्यांत मावत नव्हतं.

"रांगेत शेवटी जाऊन उभी राहिले परत," ती म्हणाली. "आता लागेल ना माझा नंबर?"

चारशे हसली की रडली ते तिचं तिलाच कळलं नाही. "लागेल गं. पण बटाटे शिजेपर्यंत थांबावं लागेल."

"थांबते की. आण इकडे, मी सोलते." लेकीने खिडकीपाशी बैठक मारली. "आणि जरा सढळ हाताने टाक. मावशीला डबा नेईन. तू काय, चारशेंचा करतेस!"

चारशेने सगळे बटाटे तिच्यापुढे ओतले. कांदे घेतले, ओट्यावरची सुरी उचलली, खोली ओलांडून लेकीला खेटून बसली आणि तिथेच चिरायला लागली.

सोमवारी आक्का दारातच वाट बघत उभी होती. "काय गं? दोघींना पुरला का रस्सा?"

"नाही पुरला," चारशे म्हणाली, आणि कॉलर नव्हती तरी दोन बोटांनी ताठ केली.