बर्नरपुढची बैठक

पणजोबांनी कंदिलाच्या चिमण्या फुंकल्या, आजोबांनी औषधांच्या बाटल्या फुंकल्या आणि वडिलांनी प्रयोगशाळांसाठी नळ्या, चंबू आणि वेटोळ्यांचे कंडेन्सर घडवले. तीन पिढ्यांचा श्वास असा काचेत गेला. चौथ्या पिढीत एकच मुलगी झाली. तिला घरात चिमणी म्हणत, ते पणजोबांच्या मालावरून. तिचा श्वास काचेसाठी बरा होता आणि डोके गणितासाठी त्याहून बरे होते.

कारखाना म्हणजे घराच्या तळमजल्यावरची एक लांब खोली. पत्र्याने मढवलेले टेबल, त्यावर बर्नर, बाजूला नळ्यांची मांडणी, कोपऱ्यात तयार माल सावकाश निववण्याची भट्टी. घराला नियम फार नव्हते. जो होता तो मात्र मोडायची कोणाची प्राज्ञा नव्हती. मागणी पुरी व्हायची असेतो बर्नरपुढची बैठक रिकामी ठेवायची नाही. एक उठला की दुसऱ्याने बसायचे, आणि तो दुसरा घरचाच हवा. पणजोबांच्या काळी एकदाच बैठक रिकामी राहिली होती. तेवढ्यात गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दाराला लागले आणि ते परत वळवायला पणजोबांचे अर्धे आयुष्य गेले. तेव्हापासून लग्न असो वा मरण, कोणीतरी ज्योतीपुढे असेच.

म्हणून वडील एका सकाळी झोपेतून उठलेच नाहीत, त्या दिवशीही दुपारी आत्या बैठकीवर बसली. वडिलांची ही थोरली बहीण. तिने रंगीत चष्मा चढवला, ज्योत निळी केली आणि भावाचा अर्धवट राहिलेला दोन नळ्यांचा सांधा पुरा केला. रडायचे ते तिने नंतर कधीतरी उरकले असावे. कोणी पाहिले नाही.

चिमणीला रडायलाही आले नाही. वडिलांनी आणि तिने मिळून गणिताच्या पदवीसाठी तीन अर्ज केले होते. ते गेल्यानंतर तिन्ही अर्जांना होकार आले. पहिला होकार इकडच्या विद्यापीठाचा, घरी बसून ऑनलाइन शिकण्याचा होता. व्याख्याने पडद्यावर, परीक्षा शेजारच्या गावातल्या केंद्रात. दुसरा त्याच विद्यापीठाच्या परिसरात, वसतिगृहात राहून शिकण्याचा. तिसरा समुद्रापलीकडचा. महिनाअखेरीस एकाला हो आणि दोहोंना नाही कळवायचे होते. पत्रे वाचून तिने ती घडीवर घडी ठेवून टेबलाच्या कडेला लावली आणि नळ्या पुसायला घेतल्या. कोणते पत्र आधी आले, हे आईने विचारले तेव्हा तिला सांगता आले नाही.

काचकाम करणाऱ्याच्या घरी पोर चालायला लागण्याआधी एक गोष्ट शिकते. तापलेली काच आणि थंड काच दिसायला सारखीच असते. कोणतीही नळी उचलण्यापूर्वी हाताची मागची बाजू तिच्याजवळ न्यायची. ऊब लागली तर थांबायचे. परक्याने विसरावे, घरच्याने नाही. त्या आठवड्यात चिमणीने आत्याने नुकतीच खाली ठेवलेली नळी सरळ बोटांनी उचलली आणि धरून उभी राहिली. जळका वास आत्याला आधी आला. तिने पोरीचे मनगट धरून नळी पाडली, फुटू दिली आणि हात नळाखाली धरला.

"दुखत नाही का गं?" आत्याने विचारले.

"दुखत असेल," चिमणी म्हणाली.

आत्याने नळ बंद न करता पट्टी आणायला आईला हाक मारली.

बोटांना पट्टी बांधून पोर बसलेली पाहिली आणि घरात ज्याला त्याला सल्ला सुचू लागला. मामा तर त्यासाठीच दोनदा येऊन गेला. मामाचा टायरचा धंदा होता आणि जगातले प्रत्येक कोडे तो हवा भरून सोडवत असे. परदेशी शिकलेली भाची म्हणजे चार लोकांत मान, इथे डबक्यात राहून बेडूक व्हायचे का, असे त्याचे म्हणणे. आई म्हणाली, दुरून डोंगर साजरे. तिकडे पोर तापाने फणफणली तर कपाळावर हात ठेवायला तू जाणार आहेस का. मामा म्हणाला, तिकडे डॉक्टर असतात. आई म्हणाली, डॉक्टर इकडेही होते, काय उपयोग झाला? त्यावर मामाची हवा गेली. आईला लेक डोळ्यांसमोर हवी होती, म्हणजे ऑनलाइन. पण ते स्वतःसाठी मागतो आहोत हे तिला कळत होते, म्हणून ती ते मोठ्याने म्हणत नव्हती. नुसती दर थोड्या वेळाने चिमणीच्या ताटात वाढत होती.

चिमणी दोघांचेही ऐकून हो म्हणे. घर, वसतिगृह, समुद्र, तिन्ही तिला एकाच अंतरावर दिसत. वेगळे काढावे असे त्यांत काही सापडेना. हो म्हटलेले मात्र तिसऱ्याच माणसाला कळवायचे होते, आणि महिना सरत आला होता.

शेवटी इकडच्या विद्यापीठाच्या विद्यार्थी साहाय्य कक्षातून एका बाईंचा फोन आला. आईने तो कारखान्यातच घेतला, सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला, आणि चिमणीच्या आधी स्वतःच जाब विचारायला सुरुवात केली. वसतिगृहाचे दार किती वाजता लागते, मुलगी जेवली नाही तर कोणाला कळते, आजारी पडली तर कोण. बाई शांत होत्या. प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे माणूस होता, आणि जिथे नव्हता तिथे त्या नाही म्हणत. ऑनलाइनवाल्यांनाही एक मार्गदर्शक मिळतो, दर आठवड्याला बोलणे होते, आणि घरात कोणी गेले असेल तर त्याबद्दल बोलायला वेगळी व्यक्ती असते, असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी चिमणीला विचारले, की मंगळवारी सकाळी तू कुठे बसलेली असशील असे तुला दिसते? चिमणीने प्रामाणिकपणे सांगितले की तिला काही दिसत नाही. बाई म्हणाल्या, हरकत नाही. गणित कुठूनही होते. रसायनासारखा विषय असता तर प्रयोगशाळेसाठी यावेच लागले असते. तुझ्या बाबतीत तिन्ही वाटा खऱ्या आहेत, चुकशील असे नाही.

जाता जाता त्यांनी सहज विचारले, घरातले कोणी याआधी आमच्याकडे शिकले आहे का?

"हिचे वडील... म्हणजे माझे यजमान," आई गोंधळून म्हणाली. "आणि वन्संनाही जागा मिळाली होती. रसायनालाच. यांच्याही आधी."

"मग त्या आल्या नाहीत?"

"राहून गेलं," आई म्हणाली.

बर्नरपुढून आत्या मान न वळवता बोलली, "फोन चिमणीसाठी आहे."

राहून गेले ते कसे, हे घरात सर्वांना ठाऊक होते; त्याची थट्टाही जुनी होती. भावाबहिणीला पाठोपाठच्या वर्षी प्रवेश मिळाला. बहिणीने आपला एक वर्ष थोपवून धरला होता, तोच आजोबांच्या डोळ्यांवर पडदा आला आणि बैठकीवर एकाने राहणे भाग पडले. आधी भावाने शिकावे, तीन वर्षांनी परत येऊन बैठक धरावी, मग बहिणीने जावे, असे ठरले. भाऊ परत आला. पण तोवर आजोबा अंथरुणाला खिळले, मग भावाचे लग्न, मग चिमणी, आणि मागणी तर वाढतच गेली. वडील जेवताना म्हणत, ताई, तुझी तीन वर्षं माझ्याकडे आहेत हं. आत्या म्हणे, व्याज नको, मुद्दल दे. सगळे हसत आणि आमटी पुढे सरकवत. एकच जण मनापासून हसत नसे, हे हसणाऱ्यांच्या कधी ध्यानात आले नाही. आयुष्यभर आत्याने रसायनाच्या प्रयोगांसाठी काच घडवली होती, आणि एकही प्रयोग होताना पाहिला नव्हता.

फोन ठेवल्यावर चिमणी स्टुलावर बसून राहिली. दुःख करण्याइतके बळ तिच्यात नव्हते. सरळ विचार करण्याइतके होते. तिला स्वतःला काय हवे हे कळत नव्हते, पण दुसऱ्या कोणाला काय हवे होते हे लख्ख कळले. देणेकरी बाप गेला होता. देणे राहिले होते, आणि वारस तीच होती.

आत्या सांधा जोडत होती. सांधा चालू असताना त्या घरात कोणी कोणाशी बोलत नसे. चिमणी थांबली. काच भट्टीत गेली तेव्हा म्हणाली, "आत्या, मी घरून शिकते. बैठक मी धरते. तू जा."

"कुठे?"

"रसायनाला."

आत्याने चष्मा कपाळावर चढवला. "या वयात वसतिगृहात? पोरी आजी म्हणतील मला."

"म्हणू देत. वय आजीचंच आहे."

"आणि तुझं परदेश?"

"मला तिन्ही सारखंच आहे. तुला एकच ठिकाण हवंय. ज्याला हवंय त्यानं जावं."

"मी कोणाकडे काही मागितलेलं नाही."

"बाबांनी तरी कुठे तू देतेस का विचारलं होतं? घेतलीच ना तीन वर्षं?"

आत्या बर्नरचा खटका उगाच मागेपुढे करत राहिली. मग ताठ आवाजात म्हणाली, "दया दाखवत असशील तर उठून जा इथून."

"मला सध्या काहीच वाटत नाही, आत्या. दया कुठून आणू?"

आत्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. दुसऱ्या दिवशी पहाटेच तिने भाचीला हाक मारून बैठकीवर बसवले. तुझे सांधे बाकतात, म्हणाली, मी जाण्याआधी सरळ व्हायला हवेत. तोच होकार होता.

मामा म्हणाला, या घरात सगळ्यांनाच वेड लागले आहे. म्हातारी वसतिगृहात आणि पोर दुकानात. आई पहिल्यांदाच भावाला म्हणाली, तू तुझे टायर सांभाळ. साहाय्य कक्षातल्या बाईंनी आत्याचे जुने दाखले तपासून घेतले, वयाची अट नाही हे दोनदा सांगितले, मुलाखतीची तयारी करून घेतली. परदेशच्या विद्यापीठाला नकार कळवताना चिमणीला काही वाटले नाही. काही वाटत नाही याचेही तिला काही वाटले नाही.

वर्षे काचेसारखी निवत गेली. सकाळी ज्योत, दुपारी बैठकीवरूनच पडद्यावरचे गणित; परीक्षेच्या दिवशी बैठकीवर आई. पहिल्या हंगामात तिचा निम्मा माल भट्टीतून तडकून निघाला. गिऱ्हाईक कुरकुरले, पण दुसऱ्याच्या दारी गेले नाही. बैठक रिकामी कोणालाच दिसली नाही. मार्गदर्शकाशी ती गणिताचे बोले. गेलेल्या माणसाबद्दल बोलायला नेमलेल्या व्यक्तीपुढे बरेच दिवस नुसती बसे, आणि ती व्यक्तीही बसू देई. वसतिगृहातल्या पोरी आत्याला आठवडाभर आजी म्हणाल्या, मग तिने त्यांना पहाटे उठवून अभ्यासाला बसवायला सुरुवात केली, तशा आत्याबाई म्हणू लागल्या. एकदा आत्याने फोन केला आणि सांगितले की आज ऊर्ध्वपातन पाहिले, कंडेन्सरच्या टोकाशी थेंब जमतो आणि पडतो. एवढे सांगून तिने फोन ठेवला. चिमणीने फोन कानाला तसाच धरून ठेवला.

तिसऱ्या वर्षी एक जुना कंडेन्सर दुरुस्तीला आला. सांध्यावरून तो वडिलांचा आहे हे तिला ओळखू आले. तिला रडू आले असे म्हणता येणार नाही. पण चष्मा काढून पुसावा लागला आणि पुन्हा घालायला वेळ लागला.

आत्या पदवी घेऊन परतली ती दुपारी. बॅग उंबऱ्याशी ठेवली, आईने पुढे केलेले पाणी प्यायली, हात धुतले, कमरेला फडके बांधले आणि भाचीच्या मागे येऊन उभी राहिली.

"ऊठ," ती म्हणाली.

"एवढा सांधा होऊ दे."

आत्या थांबली. सांधा सरळ उतरला, काच भट्टीत गेली, तशी चिमणी उठली आणि आत्या बैठकीवर बसली. तिने ज्योत आपल्या हाताप्रमाणे बारीक केली आणि नवी नळी उचलली.

"तीन वर्षं मिळाली," ती म्हणाली. "पुरी मिळाली. आता त्याच्याकडे माझं काही येणं नाही."